रोजचे फोटो सोबत्यांना दाखवताना : नागपुरातल्या नवोदित छायाचित्रकारांसाठी

घरच्या ग्रुपवर फोटो टाकला की घरची माणसे त्यात आपल्या माणसांना शोधतात, कोण वाळले, कोणी कोणती साडी नेसली हे पाहतात आणि कौतुक करून मोकळी होतात. तोच फोटो छायाचित्रणाचा छंद असलेल्या सोबत्यांसमोर ठेवला, तर त्यांची नजर प्रकाश कुठून आला, कडेला काय कापले गेले आणि पाहणाऱ्याचे लक्ष आधी कुठे जाते, याकडे वळते. फुटाळ्यावर किंवा महालातल्या गल्ल्यांमध्ये सकाळी फिरताना ओळख झालेली चार-सहा माणसे मिळून मोबाइलवर ग्रुप करतात, अधूनमधून चहाला बसतात आणि एकमेकांचे फोटो पाहतात. अशा एखाद्या मंडळात नव्याने येणाऱ्यांनी फोटो कसे निवडावेत, कसे पाठवावेत आणि दुसऱ्यांच्या फोटोंवर कसे बोलावे, हे येथे क्रमाने सांगितले आहे.

नागपुरात छायाचित्रणाचा विषय निघाला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे ताडोबा-पेंचचा वाघ येतो, नाहीतर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणारी मारबत. ते फोटो अवश्य काढावेत. पण शिकण्यासाठी मला रोजचे फोटो अधिक मोलाचे वाटतात आणि त्याचे कारण अगदी व्यवहाराचे आहे. वाघ पुन्हा त्याच वळणावर दिसेल याची खात्री नसते आणि मारबतीसाठी वर्षभर थांबावे लागते. पोह्यांचा ठेला मात्र उद्या सकाळी तिथेच असतो, कूलरच्या टाकीत पाणी भरणारे शेजारी उद्या दुपारीही पाणी भरतात. सोबत्याने दिलेला सल्ला दुसऱ्याच दिवशी त्याच जागी जाऊन वापरता येतो आणि तो बरोबर होता की नाही हेही लगेच कळते. पुढच्या सगळ्या पायऱ्या हा फेरा पूर्ण व्हावा, याच हेतूने मांडल्या आहेत.

आधी निवड

फोटो काढला त्याच दिवशी दाखवण्याची घाई करू नये. त्या सकाळची थंडी, ठेल्यावरचा वास, तिथे झालेले बोलणे हे सगळे आपल्या मनात ताजे असते आणि ते फोटोतही उतरले आहे असे आपल्याला वाटत राहते. पाहणाऱ्याजवळ मात्र चौकटीत आले तेवढेच असते. दोन-तीन दिवस जाऊ दिले की आपणही तो फोटो थोडा परक्यासारखा पाहू लागतो, आणि निवडीसाठी तीच नजर लागते.

तर्री पोह्यांचा ठेला घ्या. तिथे उभे राहून वीस-पंचवीस फोटो सहज निघतात : पूर्ण ठेला, पोह्यांची परात, चण्याच्या तर्रीचे पातेले, वाढणारा हात, प्लेट घेऊन उभे असलेले गिऱ्हाईक. हे सगळे एकदम पाठवले तर पाहणारा अंगठ्याने सरकवत पुढे जातो आणि कोणताच फोटो नीट पाहिला जात नाही. म्हणून आपल्याला काय दाखवायचे आहे ते आधी एका वाक्यात स्वतःलाच सांगावे. पळी पातेल्यातून वर येताना तर्रीवरचा लाल तवंग चमकतो, हे दाखवायचे असेल तर पूर्ण ठेल्याचा फोटो गळतो, गिऱ्हाइकाचाही गळतो आणि हाताचे चार-पाच उरतात. त्यांतल्या एकात पळी कडेला कापली गेलेली असते, एकात मागे उभ्या असलेल्या स्कूटरचा आरसा वाढणाऱ्याच्या डोक्यातून निघाल्यासारखा दिसतो, एकात हात हलल्यामुळे पळीचा नुसता फराटा उमटलेला असतो. असे करत जो उरतो तो पाठवावा. एका वेळी तीनपेक्षा अधिक फोटो पाठवू नयेत, आणि नवख्या माणसाने तर एकच पाठवावा असे माझे स्पष्ट मत आहे. जवळजवळ सारखे दोन फोटो पाठवायला हरकत नाही, पण त्या दोहोंतला कोणता आणि का, हाच आपला प्रश्न असेल तेव्हाच.

फोटोतल्या माणसांचा होकार

रस्त्यावर काढलेला फोटो मंडळात जातो म्हणजे अनोळखी माणसाचा चेहरा आणखी अनेक अनोळखी माणसांपर्यंत जातो, याची जाणीव ठेवावी. ‘काका, तुमचा एक फोटो काढू का?’ किंवा ‘मावशी, हा फोटो आमच्या फोटोवाल्या मंडळींना दाखवला तर चालेल का?’ एवढे विचारायला अर्धे मिनिट लागते आणि बहुतेक वेळा होकारच मिळतो. आधी विचारल्याने सहजपणा जातो, अशी नवख्यांची नेहमीची शंका असते. पहिल्या दोन-तीन फोटोंपुरते ते खरेही आहे, पण विक्रेता आपल्या कामाला पुन्हा लागला की कॅमेऱ्याकडे त्याचे लक्ष राहत नाही आणि तेव्हा मिळणारा फोटो चोरून काढलेल्या फोटोपेक्षा बहुधा सरस असतो, कारण आपण जवळ उभे असतो.

मुलांच्या बाबतीत आईवडिलांना विचारल्याशिवाय फोटो पुढे पाठवूच नये. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन सजलेली मुले फार सुंदर दिसतात आणि त्या दिवशी सगळेच फोटो काढत असतात, तरीही हा नियम मोडू नये. मेडिकल किंवा मेयोच्या आवारातले रुग्ण, तिथे फरशीवर झोपलेले नातेवाईक यांचे फोटो मंडळात आणू नयेत. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर दूरदूरहून आलेली माणसे मैदानात जेवतात, विसावतात, लेकरांना झोपवतात. तिथे फोटो काढताना आपण कोणाच्या तरी श्रद्धेच्या दिवशी, न बोलावता त्यांच्यात आलो आहोत हे लक्षात ठेवून विचारूनच कॅमेरा वर करावा. वायुसेनानगर आणि कामठी छावणीच्या परिसरात छायाचित्रणास मनाई असल्याचे फलक असतात, ते पाळावेत.

फाईल तयार करणे

मंडळात दाखवायच्या फोटोवर करायचे संस्कार थोडकेच असावेत : क्षितिज किंवा भिंत तिरकी असेल तर सरळ करणे, कडेचे नको ते कापणे, उजेड थोडा कमी-जास्त करणे. फिल्टर लावलेला फोटो पाठवला तर सोबती फिल्टरवर बोलतात आणि मूळ फोटोतले चांगले-वाईट झाकलेलेच राहते.

रंगांच्या बाबतीत नागपूरकरांना एक अडचण हमखास येते, ती संत्र्यांची. आंबिया बहाराची संत्री बाजारात आली की ढिगांचे फोटो सगळेच काढतात, आणि उन्हातला ढीग फोटोत अनेकदा सपाट, रंग फासल्यासारखा दिसतो. कारण असे, की नारिंगी रंगात लाल प्रकाशाचा वाटा सर्वांत मोठा असतो. बाकीचे चित्र नीट उजळ दिसत असतानाच लाल रंगाची नोंद कमाल मर्यादेला जाऊन टेकते आणि सालीवरचे बारीक खळगे, त्यांच्या छोट्या सावल्या पुसल्या जातात. नंतर एडिटमध्ये रंग आणखी गडद केला तर उरलेसुरले बारकावेही जातात. त्यामुळे काढतानाच एक्स्पोजर थोडे खाली ओढावे. मोबाइलवर फळावर बोट ठेवून उजेडाची पट्टी खाली सरकवली की काम होते. नंतर रंग वाढवण्याचा मोह आवरावा.

पाठवण्यासाठी लांब बाजू २०४८ पिक्सेल असलेली जेपेग फाईल पुरेशी होते. रंगांची मांडणी एसआरजीबी ठेवावी, म्हणजे वेगवेगळ्या पडद्यांवर रंगांत फारसा फरक पडत नाही. काही फोन हेइक प्रकारात फोटो साठवतात आणि तो प्रत्येक संगणकावर उघडतोच असे नाही, म्हणून पाठवण्याआधी जेपेग करून घ्यावा.

व्हॉट्सअॅपवर फोटो नेहमीच्या पद्धतीने पाठवला की तो दाबून लहान केला जातो. एचडीचा पर्याय निवडला तर तो बराच बरा जातो, पण मूळ फाईल तशीच पोहोचवायची असेल तर ती डॉक्युमेंट म्हणून पाठवावी लागते. येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. फाईलमध्ये फोटोबरोबर तारीख, कॅमेऱ्याची सेटिंग्ज आणि लोकेशन सुरू असेल तर फोटो काढलेल्या जागेचे अक्षांश-रेखांशही नोंदलेले असतात. नेहमीच्या पद्धतीत ही नोंद गळते, डॉक्युमेंटमध्ये ती जशीच्या तशी पुढे जाते. सेटिंग्ज सोबत्यांना कळणे उपयोगाचे असते, घराच्या गच्चीवरून काढलेल्या फोटोतून घराचा ठावठिकाणा कळणे मात्र नको असते. त्यासाठी कॅमेरा अॅपमधील लोकेशन बंद ठेवावे. पाठवण्याआधी गॅलरीत फोटोची माहिती उघडून पाहिली तर नकाशा दिसतो की नाही, हे लगेच कळते.

वॉटरमार्कविषयी नवख्यांना फार काळजी असते. फोटोच्या मधोमध नाव टाकले तर सोबत्यांना फोटोऐवजी नावच पाहावे लागते, म्हणून मंडळात पाठवताना ते टाळावे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार स्वतःच्या हौसेने काढलेल्या फोटोचा हक्क काढणाऱ्याकडेच असतो, त्यासाठी फोटोवर नाव असण्याची अट नाही. हीच बाब दुसऱ्या बाजूनेही पाळायची आहे : सोबत्याचा फोटो आवडला म्हणून त्याला न विचारता दुसऱ्या ग्रुपवर पाठवू नये, स्टेटसलाही ठेवू नये.

दोन ओळी आणि एक प्रश्न

फोटोबरोबर ठिकाण, वेळ आणि आपल्याला काय दाखवायचे होते, एवढे दोन ओळींत लिहावे. कविता किंवा सुविचार नको. फोटोत जे दिसतेच ते पुन्हा सांगू नये. जे दिसू शकत नाही आणि समजण्यासाठी लागते, तेवढेच सांगावे. त्यानंतर एक प्रश्न विचारावा, आणि तो असा असावा की त्याचे उत्तर घेऊन पुन्हा त्या जागी जाता येईल. ‘कसा वाटला?’ या प्रश्नाला ‘छान’ याखेरीज उत्तर मिळत नाही. त्याऐवजी पोह्यांच्या फोटोसोबत असे लिहिता येईल : ‘गोकुळपेठ, सकाळी साडेसात. तर्रीतून निघणारी वाफ दाखवायची होती, पण ती फोटोत जवळजवळ दिसतच नाही. प्रत्यक्षात भरपूर होती. काय बदलावे?’

अशा प्रश्नाला नेमके उत्तर मिळते. वाफ म्हणजे हवेत तरंगणारे पाण्याचे सूक्ष्म थेंब. प्रकाश त्यांच्या मागून, आपल्या दिशेने आला की ते उजळतात आणि मागची बाजू गडद असेल तर त्या अंधारावर उठून दिसतात. ऊन आपल्या पाठीमागून येत असेल आणि पलीकडे पांढरी भिंत असेल, तर भरपूर वाफही दिसत नाही. म्हणजे उपाय एवढाच, की ठेल्याच्या दुसऱ्या बाजूला, उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभे राहावे आणि पातेल्याच्या मागे एखाद्या दुकानाचे बंद शटर किंवा झाडाची सावली येईल असे पाहावे. सूर्य थेट भिंगात येऊ नये म्हणून तो ठेल्याच्या छपराआड राहील इतके खाली वाकावे. हे दुसऱ्या दिवशी सकाळीच करून पाहता येते.

दुसऱ्याचा फोटो पाहताना

या कामाला नवीन माणूस बिचकतो. आपल्याला काय कळते, असे त्याला वाटते आणि तो अंगठा दाखवून गप्प बसतो. खरे तर नवख्या नजरेचा उपयोग मोठा असतो, कारण तिला फोटो काढणाऱ्याच्या मनातले काहीच ठाऊक नसते आणि फोटो स्वतःच्या बळावर काय पोहोचवतो हे तीच सांगू शकते. फक्त बोलण्याचा क्रम पाळावा.

आधी फोटो पूर्ण पडद्यावर, पडद्याचा उजेड पुरेसा वाढवून, निदान अर्धे मिनिट पाहावा. भर उन्हात रस्त्यावर उभे राहून पाहिलेल्या फोटोवर मत देऊ नये, कारण तेव्हा सावल्यांमधले काहीच दिसत नाही. मग आपल्याला काय दिसले ते साध्या शब्दांत सांगावे : ‘माझी नजर आधी हातावर गेली, तिथून उजवीकडच्या पिवळ्या फलकावर गेली आणि तिथेच अडकली.’ हे मत नाही, नोंद आहे; तिच्यामुळे कोणी दुखावत नाही आणि फोटो काढणाऱ्याला सर्वांत जास्त उपयोग तिचाच होतो. त्यानंतर काय आवडले ते नेमके सांगावे. खटकलेली गोष्ट सांगताना तिचे कारण शोधण्याचा प्रयत्न करावा, कारण कारणाशिवाय उपाय सापडत नाही.

मे महिन्यात दुपारी काढलेला रसवंतीवाल्याचा फोटो समजा मंडळात आला आहे. चेहरा हसरा आहे, पण डोळ्यांच्या जागी काळे डाग दिसत आहेत. ‘चेहरा नीट आला नाही’ असे म्हणून थांबले, तर काढणारा एडिटमध्ये सावल्या उजळत बसतो आणि चेहरा राखाडी व दाणेदार होतो. खरे कारण डोक्यावर आहे. नागपूर साधारण २१ अक्षांशावर असल्यामुळे २६ मेच्या सुमारास मध्यान्हीला सूर्य इथे अगदी माथ्यावर येतो, आणि त्याच्या आगेमागे कित्येक आठवडे दुपारचे ऊन जवळजवळ सरळ खाली पडते. भुवयांची सावली डोळ्यांवर आणि नाकाची ओठांवर पडते. त्याच माणसाला दोन पावले मागे, ताडपत्रीच्या सावलीच्या कडेशी उभे केले, तर समोरच्या तापलेल्या रस्त्यावरून परतणारा उजेड खालून आणि समोरून चेहऱ्यावर येतो आणि डोळे उजळतात. सल्ला एवढ्या तपशिलात दिला, तर घेणारा तो लक्षात ठेवतो आणि पुढे कूलर दुरुस्त करणाऱ्याच्या फोटोलाही वापरतो.

माणसाविषयी बोलू नये, फोटोविषयी बोलावे. ‘तुम्ही नेहमी तिरके काढता’ याऐवजी ‘या फोटोत खांब डावीकडे झुकला आहे’ असे म्हणावे. वयाने मोठ्या सदस्याचा फोटो असेल तरीही जे दिसले ते सांगावे, फक्त ‘काका, मला असं दिसलं’ या सुरात सांगावे. मान राखणे म्हणजे दोष लपवणे असा अर्थ मंडळात रुजला, की थोड्याच दिवसांत सगळे एकमेकांना ‘अप्रतिम’ म्हणू लागतात आणि कोणीच काही शिकत नाही. दुसऱ्याचा फोटो स्वतः एडिट करून परत पाठवण्याची सवय काहींना असते. तसे करायचे असेल तर आधी विचारावे. कॅमेऱ्याच्या किमतीवर बोलणे सुरू झाले तर ते फोटोकडे परत आणावे.

आपल्या फोटोवर बोलणे सुरू असताना मात्र गप्प राहावे. नवख्याची पहिली प्रतिक्रिया खुलासा देण्याची असते : जागाच नव्हती, गर्दी होती, गाडी मध्ये आली. हे सगळे खरे असते, पण खुलासा सुरू झाला की सोबती बोलायचे थांबतात. सर्वांचे बोलून होईपर्यंत वहीत टिपून घ्यावे आणि नंतर जे समजले नाही तेवढेच विचारावे. सगळे सल्ले मानायचे नसतात. दोघांनी एकमेकांच्या अगदी उलट सांगितले तर दोन्ही करून पाहावेत. विषय रोजचाच असल्यामुळे त्याला खर्च काही नाही.

आपण जितके फोटो दाखवतो, त्याच्या निदान दुप्पट फोटोंवर आपण नीट बोललेले असावे. हे पथ्य पाळणाऱ्या सदस्याच्या फोटोंकडे सोबतीही आपसूक अधिक लक्ष देतात.

प्रिंट घेऊन बसणे

मोबाइलच्या ग्रुपवर ओळख होते, पण खरे बोलणे समोरासमोर बसून आणि कागदावरच्या फोटोवर होते, असा माझा ठाम विश्वास आहे. पडदा प्रत्येकाचा वेगळा असतो, प्रिंट सगळ्यांसाठी एकच असते, आणि ती टेबलावर दुसऱ्या प्रिंटशेजारी ठेवता येते. त्यासाठी ६ बाय ४ इंचांची साधी प्रिंट पुरते. तिला १८०० बाय १२०० पिक्सेल लागतात आणि कोणत्याही सध्याच्या फोनमधून ते मिळतात.

लॅबमध्ये देण्याआधी एक काळजी घ्यावी. फोनचा फोटो बहुधा ४:३ प्रमाणात असतो आणि ६ बाय ४ चा कागद ३:२ प्रमाणात. म्हणजे आडव्या फोटोच्या उंचीतला जवळजवळ नववा भाग कापला जातो, आणि कुठून कापायचा हे आपण ठरवले नाही तर यंत्र वरून-खालून सारखा कापते. पळीचे टोक किंवा माणसाच्या टोपीचा काठ नेमका तिथे असतो. म्हणून घरीच ३:२ मध्ये क्रॉप करून फाईल द्यावी, नाहीतर कडेला पांढरी पट्टी सोडून पूर्ण फोटो छापून मागावा. ग्लॉसी कागदावर ट्यूबलाइटची चमक पडते, हातोहात फिरवताना बोटांचे ठसे उठतात. बैठकीसाठी मॅट बरा.

प्रिंटच्या मागे ठिकाण आणि तारीख लिहावी. फोटोच्या कागदाची पाठ गुळगुळीत असल्याने बॉलपेनची शाई पसरते आणि दाबून लिहिले तर पुढच्या बाजूला वळ उमटतात. बारीक टोकाचा परमनंट मार्कर वापरावा आणि वाळल्यावरच प्रिंट एकमेकींवर ठेवाव्यात. पहिला फोटो आणि सल्ल्यानंतर त्याच जागी काढलेला दुसरा फोटो, अशी जोडी बैठकीत एकत्र मांडावी. वाफ दिसली की नाही, डोळे उजळले की नाही, यावर त्या जोडीसमोर पाच मिनिटांत जे बोलणे होते ते ग्रुपवर आठवडाभरात होत नाही. प्रिंट काढताना एक प्रत जास्त काढावी आणि ती पोहेवाल्या काकांना किंवा रसवंतीवाल्या दादांना नेऊन द्यावी. ती देताना पुढच्या फोटोचा होकारही तिथेच मागून घ्यावा.